अंडी जवळपास बंद, एकीचं टरफल पातळ, एक सकाळपासून कोपऱ्यात उभी. कॅल्शियम किती वाढवू?

गच्चीवरचं_खुराडं, ऐरोली (शनिवार, दुपारी १२.१०)

पाच कोंबड्या आहेत. दोन गावठी, पावणेदोन वर्षांच्या. दोन कावेरी, एक वर्षाच्या. एक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), दीड वर्षाची. कोंबडा नाही. रो-हाउसच्या गच्चीवर सहा बाय चारचं खुराडं, वर सिमेंटचा पत्रा, तीन बाजूंना जाळी, खाली भाताचं तूस. अंडी घालायला एकच प्लास्टिकचा क्रेट, जाळीला लागून ठेवलेला.

खाणं: सकाळी लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), पाचजणींत मिळून पाव किलो. दुपारी घरातला उरलेला भात नाहीतर पोळी. संध्याकाळी कणी, खातील तितकी. कॅल्शियमसाठी पाण्यात माणसांचं सिरप रोज दोन झाकणं, आणि आठवड्यातून दोनदा चण्याएवढा खायचा चुना मॅशमध्ये कालवून.

सप्टेंबरपर्यंत रोज तीन-चार अंडी होती. दिवाळी झाल्यापासून आठवड्याला जेमतेम पाच. एकेकीचं सांगतो. पहिल्या गावठीची मान उघडी पडलीय, खुराडंभर पिसं. दुसरी गावठी क्रेटमधून उठतच नाही, हात नेला की फुगते आणि टोचते. पहिल्या कावेरीच्या अंड्याचं टरफल बोटाने दाबलं तरी तडकतं, परवा एक तर फुग्यासारखं लिबलिबीत निघालं. आरआयआर अंडं घालते की नाही कळत नाही, पण क्रेटमधलं तूस दोनदा ओलं-चिकट सापडलं.

दुसरी कावेरी आज सकाळपासून कोपऱ्यात उभी आहे. शेपूट खाली, छाती वर, डोळे अर्धे मिटलेले. दाण्याला तोंड लावलेलं नाही.

कॅल्शियम कमी पडतंय हे उघड आहे. सिरप किती वाढवू?

पक्षीवैद्य_ठाणे (शनिवार, दुपारी १२.३५)

बाकी सगळं राहू द्या, आधी दुसरी कावेरी.

असं उभं राहणं आणि मधूनच शेपूट वरखाली होणं ही अंडं अडकल्याची खूण. पण पोटात पाणी किंवा पिवळा बलक साचून सूज आली तरी कोंबडी अशीच उभी राहते. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हात लावून खात्री करा. तिला काखेत धरा, तोंड मागे, शेपूट पुढे. शेपटीखालच्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतील. त्यांच्या खाली, पोटावर तळवा ठेवून हलकेच चाचपा. लिंबासारखं घट्ट काही लागलं तर अंडं. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं डुचमळलं तर तो दुसरा आजार आहे. मग घरी काही करू नका, डॉक्टरकडे न्या. काहीच कळलं नाही तर नखं कापा, हातमोजा घाला, बोटाला पेट्रोलियम जेली लावा आणि बोट सरळ आत, किंचित तिच्या डावीकडे न्या. कवच असलेलं अंडं दीड-दोन इंचांवर गुळगुळीत लागतं.

अंडंच असेल तर आधी माणसांची कॅल्शियमची गोळी द्या, ५०० मिग्रॅ कॅल्शियमवाली, एक. दोन तुकडे करून चोचीच्या कडेने जिभेच्या मागे ठेवा, ती गिळेल. सिरप सिरिंजने घशात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पातळ औषध सरळ फुप्फुसात जातं. अंडनलिका आकुंचन पावायला स्नायूंना कॅल्शियम लागतं, म्हणून ही गोळी. पुढच्या अंड्याच्या टरफलाशी आत्ता तिचा संबंध नाही.

मग कोमट पाणी, ३८ ते ४० अंश. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला काढतो तितकं, कोपर बुडवून बघा. टबात पोट बुडेल एवढंच घ्या आणि तिला वीस मिनिटं बसवा. पाणी निवत गेलं की गरम घालत राहा, तिच्या अंगावर नाही, कडेने. बहुतेक कोंबड्या पाच मिनिटांत डोळे मिटून सैल पडतात. नंतर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी करा, द्वाराच्या कडेला जेली लावा आणि अंधाऱ्या खोक्यात, उबेत, आवाजापासून लांब ठेवा. दीड-दोन तास बघा. नाही आलं तर पुन्हा गरम पाणी. असं दोनदा, फार तर तीनदा.

पोट दाबायचं नाही. अंडं आत फोडून काढायचं नाही, टरफलाच्या धारेने नलिका कापली जाते आणि त्यानंतरचा जंतुसंसर्ग अडकलेल्या अंड्यापेक्षा जास्त कोंबड्या मारतो. एरंडेलही पाजू नका. ते आतड्यात जाणार, अंडं दुसऱ्याच नळीत आहे.

रात्रीपर्यंत अंडं आलं नाही, शिट बंद झाली किंवा तुरा जांभळट पडला तर सकाळची वाट बघत बसू नका. निघण्याआधी दवाखान्याला फोन करून ‘कोंबडी आहे’ असं स्पष्ट सांगा, कुत्र्या-मांजरांच्या बऱ्याच दवाखान्यांत पक्षी घेत नाहीत. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय आहेच. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन पुढचं ठरवतात.

गच्चीवरचं_खुराडं, ऐरोली (शनिवार, संध्याकाळी ५.५०)

घट्ट लागलं होतं. दुसऱ्या वेळच्या गरम पाण्यानंतर अर्ध्या तासाने अंडं आलं. मोठं होतं, टरफल पातळ, एका टोकाला चुरलेलं. चोच पाण्याला लावली. पण द्वाराबाहेर लाल मांस दिसतंय, सुपारीएवढं. आपोआप आत जाईल का?

पक्षीवैद्य_ठाणे (शनिवार, संध्याकाळी ६.०५)

कधी जातं, कधी नाही. वाट बघू नका. आणि तिला आत्ताच्या आत्ता बाकीच्यांपासून वेगळी करा. लाल ओलं मांस दिसलं की इतर कोंबड्या त्यावर चोची मारतात आणि तासाभरात आतडी बाहेर काढतात. यात काहीही अतिशयोक्ती नाही.

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात छोटा सपाट चमचा, त्याहून किंचित कमी, मीठ. त्याने मांस धुवा, टरफलाचा कण राहिलाय का ते बघा. मग साखरेत पाण्याचे थेंब घालून दाट लगदा करा आणि दहा मिनिटं मांसावर धरा. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते, मांस आकसतं. पुन्हा धुवा, हातमोज्याच्या बोटाला जेली लावून मधोमध हलका, सलग दाब देत आत ढकला आणि मिनिटभर बोट तसंच धरून ठेवा. पुन्हा बाहेर आलं तर टाका घालावा लागतो, ते घरचं काम नाही. मांस काळपट किंवा कोरडं पडलं असेल तरी दवाखाना.

आत राहिलं तर पुढचे आठ-दहा दिवस तिला अंडं घालू द्यायचं नाही, नाहीतर प्रत्येक अंड्याबरोबर तेच. त्यासाठी उजेड कमी करा: दिवसाला आठ तास उजेड, बाकी वेळ खोक्यावर जाड चादर, हवा खेळती ठेवून. उजेड संपायच्या आत पोटभर खाणं-पाणी झालं पाहिजे.

तुर्रेबाज (शनिवार, रात्री ९.२०)

कावेरीचं डॉक्टरांनी सांगितलंच. मी मूळ प्रश्नावर येतो: सिरप किती वाढवू? शून्य. सिरप बंद, चुना तर आजच बंद.

हिशोब बघा. पाव किलो मॅश पाचजणींत म्हणजे एकीला ५० ग्रॅम. लेअर मॅशमध्ये कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. म्हणजे ५० ग्रॅममधून जास्तीत जास्त दोन ग्रॅम पोटात, आणि त्यातलं अंगी लागतं साधारण निम्मं. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. काही दिवस निभतं, मग टरफल पातळ, मग फुगा, मग अडकलेलं अंडं. दोन्ही कावेरींचं दुखणं एकच आहे, एक पुढच्या स्टेशनवर पोचली इतकंच.

प्रथिनांचंही तेच. मॅशमध्ये १६ ते १८ टक्के. रोज ११० ग्रॅम खाल्लं तर १८-१९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तुमच्याकडे ५० ग्रॅममधून साडेआठ, वर भात-कणीतून दोन-तीन. अंड्यातच सहा ग्रॅमच्या वर जातात. पोट मात्र भाताने भरलेलं, म्हणून कोंबडी उपाशी आहे असं वाटत नाही. उलट वजन वाढतं, पोटात चरबी धरते, आणि चरबीनेही अंडं अडकतं. कोंबडी जेवढी लाडाची तेवढी ती भातावर वाढलेली, हे सगळीकडे दिसतं.

तेव्हा दिवसभर भांड्यात मॅशच. कावेरी आणि आरआयआर या मोठ्या तिघींना प्रत्येकी १०० ते १२० ग्रॅम, गावठींना ८०-९०. भात, पोळी, भाजीचे देठ मिळून एकीला दहा ग्रॅमच्या वर नाही, तेही दुपारनंतर, मॅश खाऊन झाल्यावर. कणी बंद. एकदम नको, आठवडाभरात उतरवत आणा, नाहीतर रुसून काहीच खाणार नाहीत.

आता टरफल. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले १८-२० तास टरफल चढण्यात जातात आणि त्याचा मोठा भाग रात्री. म्हणजे कॅल्शियम रात्री लागतं, जेव्हा कोंबडी काही खात नाही. सकाळी पाण्यातून दिलेलं सिरप संध्याकाळपर्यंत निघून गेलेलं असतं. म्हणून शिंपल्याचा चुरा, आणि तो भुकटी नाही, जाडसर: दोन ते चार मिलिमीटर, मोहरीपेक्षा मोठा, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. एवढा खडा गिझार्डमध्ये, म्हणजे दाणा भरडणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो. भुकटी मॅशबरोबर पुढे सरकते.

वेगळ्या वाटीत ठेवा, दुपारी चारनंतर भरलेली असावी. मॅशमध्ये मिसळू नका. ज्या कोंबडीला हवं ती आपणहून खाते, जिला नको (पिसं झडणारी, किंवा खुडूक म्हणजे उबवायला बसून राहणारी) ती वाटीकडे बघतही नाही. कोणाकडे चार महिन्यांच्या आतली पिल्लं त्याच खुराड्यात असतील तर हे आणखी महत्त्वाचं, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं जातात.

शिंपले कुठून? कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात ‘शेल ग्रिट’ म्हणून मिळतं. घरी तिसऱ्या (खायचे शिंपले) झाल्या तर टरफलं टाकू नका: उकळा, वाळवा, तव्यावर भाजा म्हणजे ठिसूळ होतात, जाड कापडात गुंडाळून बत्त्याने कुटा आणि पिठाच्या चाळणीने भुकटी काढून टाका. खाडीच्या चिखलातून मात्र वेचून आणू नका, त्या खाडीत कारखान्यांचं काय काय उतरलंय ते ऐरोलीकरांना सांगायला नको. अंड्याची टरफलंही चालतात, दहा मिनिटं भाजून, बारीक चुरून. अर्धं टरफल तसंच टाकलं की कोंबडीला ‘हे खायचं असतं’ असं आपणच शिकवतो.

चुन्याबद्दल: टरफल आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो जिभेला आणि अन्नपिशवीला पोळतो. विड्यात चुटकीभर कात-सुपारीबरोबर लागतो ते वेगळं. चुना खुराड्याच्या भिंतीला लावा.

खाडीकाठ_कळवा (शनिवार, रात्री १०.४५)

वरच्या हिशोबात एक गोष्ट राहिली, ती उजेडाची. कोंबडी भरपूर अंडी देते ती १४ ते १६ तास उजेडात. आपल्याकडे २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, २१ डिसेंबरला अकरा तासही जेमतेम. त्यातून तुमचं खुराडं तीन बाजूंनी जाळीचं असलं तरी वर पत्रा आहे आणि मागे बहुधा शेजारची इमारत. म्हणजे सूर्य उगवल्यावरही आत उजेड अर्धा तास उशिरा.

७ किंवा ९ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब, खुराड्याच्या छताशी, पाणी आणि दाण्याच्या वर. वायर जाळीबाहेरून, होल्डर बंद झाकणाचा, गच्चीवर दव आणि पाऊस दोन्ही असतात. टायमर सॉकेट लावा, हाताने चालू-बंद करू नका. एक दिवस विसरलात तर पिसं झडायला सुरुवात होऊ शकते. उजेड पहाटे वाढवायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी बल्ब पटकन विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात जमिनीवर अडकतात. पहिल्या आठवड्यात साडेसहाला चालू, मग दर आठवड्याला अर्धा तास आधी, चार वाजेपर्यंत. सूर्योदय झाल्यावर बंद. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे चौदा तास भरले.

कोंबडा नाही हे बरं आहे. असता तर पहाटे चारला आरवला असता आणि हा धागा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चालला असता.

तुर्रेबाज (शनिवार, रात्री ११.०५)

बल्बला माझा विरोध. निदान या खुराड्यात, या महिन्यात. एक गावठी पिसं टाकतेय, एक कावेरी आठ तास उजेडावर ठेवलीय, दुसरीच्या हाडांतून कॅल्शियम गेलंय. बल्ब लावून कुणाकडून अंडी काढणार? उजेड वाढवला की शरीर अंड्याकडे वळतं, आणि भरून काढायला खाणं अजून रुळावर नाही. शिवाय खुडूक गावठीला उजेडाचा काही फरक पडत नाही, तिला उठवावं लागेल.

खाडीकाठ_कळवा (शनिवार, रात्री ११.२०)

क्रम मान्य. आधी तीन-चार आठवडे खाणं, मग बल्ब. पण लावायचाच नाही हे मान्य नाही. कावेरी-आरआयआरसारख्या जाती चौदा तासांच्या हिशोबाने निवडून तयार केलेल्या आहेत. गावठीचं सोडा, ती खेपेला दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक बसणारच.

ती पिसं टाकणारी आजारी नाही. मान, मग पाठ, छाती, शेवटी पंख, या क्रमाने गेली तर नेहमीची वार्षिक झड. आठ ते बारा आठवडे अंडी नाहीत. एकाच जागी टक्कल असेल आणि पिसांचे बुंधे तुटके असतील तर मात्र कुणीतरी उपटतंय किंवा उवा-पिसवा आहेत. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन, तेव्हा तिला मॅशच्या वर रोज सुक्या जवळ्याची एक चिमूट, पाच-सात ग्रॅम. बिनमिठाचा जवळा घ्या, खारवलेली सुकट नको. बाकीच्या अंड्यावर आल्या की त्यांना हा लाड नको, अंड्याला मासळीचा वास येऊ शकतो. नवीन पिसांच्या नळ्यांत रक्त असतं, हात लावलेला दुखतो, म्हणून त्या दिवसांत उचलाउचल कमी.

खुडूक कोंबडीसाठी: तिच्या पोटाखालची पिसं गेलेली आणि कातडी गरम लागेल. ती ऊब मोडली की डोक्यातलं अंड्यांचं खूळ उतरतं. जुनी माणसं पाण्यात बुचकळायची, नोव्हेंबरात गच्चीवर ते नको. तळाला जाळी असलेला पिंजरा किंवा भाजीचा उघड्या तळाचा क्रेट, दोन विटांवर उचलून ठेवलेला, खालून वारा लागेल असा. आत तूस नाही, अंडं नाही, फक्त दाणा-पाणी, उजेडात. तीन दिवस-तीन रात्री. सोडल्यावर पुन्हा क्रेटकडे धावली तर आणखी दोन दिवस. अंडी त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी. आज सोडून दिली तर ती एकवीस दिवस तर बसेलच, अंडी फुटत नाहीत म्हणून त्याहून जास्तही बसेल. आणि तुमच्याकडे क्रेट एकच! ती बसली म्हणजे बाकीच्या चौघींना जागा नाही. जागा नाही म्हणून अंडं रोखून धरणं हेही अडकण्याचं कारण असतं.

पाटी_आणि_डालगं (रविवार, सकाळी ८.००)

क्रेट जाळीला लागून उजेडात, एकच, आणि टरफल पातळ. अंडी खाणारी कोंबडी तयार करायची कृती हीच. पातळ अंडं गर्दीत फुटतं, कुणीतरी चव घेतं, मग सवय लागते.

पण आधी ठरवा की आरआयआरच खाते का. गच्चीवर घूस येते, ती अंडं अख्खं ओढून नेते, मागे काही ठेवत नाही. कावळा भोक पाडतो. मुंगूस फोडून टरफलाचे मोठे तुकडे टाकून जातं. कोंबडीने खाल्लं तर टरफलासकट जातं, फक्त तूस ओलं-चिकट राहतं. तुमचं वर्णन शेवटचं आहे. दुपारी दोनच्या सुमारास प्रत्येकीची चोच बघा. बलक वाळला की चोचीच्या कडेला पिवळी पापडी धरते.

कोण अंडं घालते हेही अंदाजाने नको. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या दोन हाडांमध्ये बोटं आडवी धरा. दोन-तीन बोटं मावली आणि द्वार ओलं, मोठं, फिकट असेल तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावलं, द्वार सुकं आणि आक्रसलेलं असेल तर बंद आहे. अजून खात्री हवी तर रात्री दांडीवर असताना द्वाराच्या आतल्या कडेला खाण्याचा रंग लावा, एकीला लाल, एकीला हिरवा. सकाळी अंड्यावर पट्टा उमटतो. हसू नका, मोठ्या खुराड्यांतही ही युक्ती करतात.

खाण्याची सवय मोडायला अंडं तिच्या चोचीपासून लांब गेलं पाहिजे. प्लायचा खोका करा: आत बारा इंच रुंद, बारा उंच, चौदा खोल. तळाला दुसरी फळी, पुढून मागे दीड-दोन इंच उतरती, त्यावर कृत्रिम हिरवळीचा तुकडा. मागच्या भिंतीला तळाशी तीन इंचांची फट, फटीच्या मागे झाकणाचं खोकं, त्यात पातळ फोम. अंडं घातलं की घरंगळून मागे. उतार जास्त केलात तर कोंबडी आत बसत नाही आणि अंडं आपटून फुटतं, कमी केलात तर जागेवरच राहतं. कच्च्या अंड्याऐवजी आधी टेबल टेनिसचा चेंडू सोडून बघा, तो जरा जास्त सहज घरंगळतो एवढं धरून चाला. दाराशी गोणपाटाचा पडदा, मधे चीर देऊन. अंधारात अंडं दिसत नाही, दिसत नाही ते खात नाही. पाचजणींना असे दोन खोके. तोवर जुन्या क्रेटमध्ये लाकडी किंवा संगमरवरी खोटं अंडं ठेवा, चार वेळा चोच आपटली की उत्साह मावळतो. मोहरी-मिरची भरलेल्या अंड्याचा उपाय सांगणारे भेटतील. कोंबडीला मिरची तिखट लागतच नाही, ती आनंदाने खाते.

आणि रात्री टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू, खोक्याचे सांधे बघा. पांढरा टिश्यू फिरवा, लालसर डाग आले तर रक्त पिणारे लाल माइट आहेत. ते दिवसा फटींत असतात, कोंबडीच्या अंगावर शोधून सापडत नाहीत. ज्या खोक्यात ते असतात त्यात कोंबडी बसायचं टाळते.

गच्चीवरचं_खुराडं, ऐरोली (रविवार, दुपारी १.३०)

कावेरीचं मांस आत राहिलंय, सकाळी मॅश खाल्लं. खुडूक गावठी विटांवर. आरआयआरच्या चोचीला पिवळी पापडी होती, दोन बोटं मावतात. सिरप-चुना बंद.

तीन शंका. दिवाळीतल्या दोन-तीन अंड्यांना मधोमध कडं होतं, वर खडूसारखी पांढरी भुकटी. तो आजार का? पातळ टरफलाची अंडी घरी खाल्ली तर चालतील? आणि मॅशचं ५० किलोचं पोतं जुलैत आणलेलं, अजून पंधराएक किलो उरलंय, ते संपवू ना?

पक्षीवैद्य_ठाणे (रविवार, दुपारी ३.१५)

कडं आणि भुकटी फटाक्यांची. संध्याकाळी टरफल चढत असताना कोंबडी दचकून आपटली की आतल्या आत तडा जातो, त्यावर पुन्हा थर चढतो, त्याचं कडं होतं. घाबरून अंडं रोखून धरलं की वर जास्तीची भुकटी. आठवडाभरात थांबतं. वेगळं काळजीचं चित्र असं: अंडी सुरकुतलेली, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरणारं आणि कोंबड्या शिंकणाऱ्या, तर तो श्वसनाचा विषाणू. अचानक अनेक कोंबड्या मान वाकडी करू लागल्या, हिरवट शिट, तर मानमोडी. एकाच दिवशी दोन-तीन मेल्या, तुरे निळे पडले, तर मेलेल्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा, १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. २००६ मध्ये नवापूर आणि २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं शहापूर, बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. मानमोडीची लस घेतली नसेल तर या पाचजणी सावरल्या की घ्या. लस पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी नको, क्लोरीनने ती मरते. उकळून गार केलेल्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घालून मग लस.

दुकानदार पिवळी पूड देईल, अँटिबायोटिकची. घेऊ नका. त्यातली टेट्रासायक्लिन जातीची औषधं कॅल्शियमशी बांधली जातात, दोन्ही वाया. आणि ती चालू असताना अंडी खायची नसतात.

पातळ पण न तडकलेलं अंडं त्याच दिवशी, पूर्ण शिजवून चालेल. तडकलेलं किंवा बिनटरफलाचं टाका, कोंबड्यांना दिसणार नाही असं.

मॅश संपवू नका. गच्चीवर की घरात ठेवलंय?

गच्चीवरचं_खुराडं, ऐरोली (रविवार, दुपारी ३.४०)

जिन्याखाली. तळाला गोळे झालेत, ते मी हाताने फोडून देतो. उन्हात घालू का?

तुर्रेबाज (रविवार, दुपारी ४.००)

गोळे म्हणजे बुरशी. उन्हाने बुरशी वाळते, तिने सोडलेलं विष तसंच राहतं, ते यकृत धरतं आणि अंडी कमी होतात. पंधरा किलोचे पैसे गेले असं समजा, कचऱ्यात टाका, दुसऱ्या कुणाच्या कोंबड्यांना देऊ नका. पाच कोंबड्यांना रोज अर्धा किलो लागतं, म्हणजे महिन्याला पंधरा. पावसाळ्यात दहा-दहा किलो सुटं घ्या, दुकानदाराला पोतं आपल्यासमोर फोडायला सांगा, मूठभर घेऊन वास घ्या. आंबूस किंवा मातकट आला तर दुसरं दुकान. झाकणाच्या ड्रममध्ये, ड्रम विटांवर, नवीन मॅश जुन्यावर ओतायचं नाही.